चार वर्षांनंतरचा बाजार

काल कट्ट्यावर विषय निघाला तो एका मित्राच्या धाकट्या बहिणीमुळे. तिला इतिहासात पदवी घ्यायची आहे आणि घरच्यांचा आग्रह संगणकशास्त्राचा आहे. मित्र घरच्यांच्या बाजूचा. त्याचे म्हणणे असे, की आवड फावल्या वेळातही जोपासता येते. शिक्षणासाठी काढलेले कर्ज मात्र पगारातूनच फेडावे लागते. हा मुद्दा मला कधीच हलका वाटलेला नाही, कारण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला आवडीची महती ऐकवणे सोपे असते.

अर्थशास्त्र शिकलेल्या मैत्रिणीने त्याला विचारले, "पगार पाहूनच निवडायचे, तर कोणत्या वर्षीचा पगार पाहणार?" रिचर्ड फ्रीमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये अभियंत्यांच्या बाबतीत मांडलेले चक्र तिने समजावून सांगितले: पगार चढले की विद्यार्थी त्या शाखेकडे धाव घेतात, चार वर्षांनी ते सगळे एकदम बाहेर पडतात आणि पगार उतरतात, ते पाहून पुढचे विद्यार्थी पाठ फिरवतात आणि पुन्हा टंचाई निर्माण होते. इंटरनेट कंपन्यांचा फुगा २००० मध्ये फुटल्यानंतर अमेरिकेत संगणकशास्त्राकडे वळणाऱ्यांची संख्या काही वर्षे घटत गेली आणि पुढच्या दशकात त्याच विषयाचे वर्ग विद्यार्थ्यांना अपुरे पडू लागले.

"चढउतार असतील, पण अभियंत्यांची सरासरी कमाई इतिहासाच्या पदवीधरांपेक्षा जास्तच असते," मित्र म्हणाला. ते खरे आहे. मात्र एकाच विषयाच्या पदवीधरांच्या कमाईतही मोठी तफावत असते, आणि मन न लावता शिकणारा त्या सरासरीपर्यंत पोहोचेलच असे नाही.

मला स्वतःला अडचण वाटते ती 'आवड' या शब्दाचीच. पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की आवड ही उपजतच असते असे मानणाऱ्यांचा नव्या विषयातला रस, तो विषय अवघड होताच अधिक ओसरतो. मी मित्राला विचारले, "तिला इतिहासातल्या गोष्टी आवडतात, की एका सनावळीचा मेळ लागावा म्हणून चार परस्परविरोधी कागद पुन्हा पुन्हा वाचणेही आवडेल? आणि प्रोग्रॅममधली एक चूक शोधण्यात संध्याकाळ गेली, तर ती वैतागेल की रात्री पुन्हा बसेल?" विषयाचे हे कंटाळवाणे अंग ज्याला सोसवते, त्याने तो विषय घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

मित्राला हे सगळे पटले नाही. कर्जाचा आकडा तसाच राहतो, असे त्याने पुन्हा बजावले. तरीही उठताना त्याने दोन्ही विषयांच्या दुसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम मागून घेतले. अर्ज भरण्यापूर्वी दोन्हींतला एकेक आठवड्याचा अभ्यास बहिणीने करून पाहावा, असे तो तिला सांगणार आहे.