पुरस्कार हिंदीच्या रकान्यात, कविता कुडुखांच्या अंगणातली

आईच्या ऑपरेशनच्या वेळी नागपुरात सलग नऊ रात्री वॉर्डात काढल्या. रात्रपाळीच्या सिस्टरच्या बिल्ल्यावर आडनाव होतं 'एक्का'. सलाईन बदलून झालं की ती दोन मिनिटं बाजूच्या स्टुलावर टेकायची. एका रात्री मी आडनावाचा अर्थ विचारला. "कासव," ती म्हणाली. "आम्ही कासव मारत नाही, खात नाही. ते आमचं गोत्र." मग बोटांवर मोजत सांगत गेली. टोप्पो म्हणजे सुतारपक्षी, तिर्की म्हणजे उंदराचं पिल्लू, मिंज म्हणजे मासा, कुजूर ही वेल, केरकेट्टा हा पक्षी.

माझ्या पिशवीत तेव्हा पार्वती तिर्कीचा 'फिर उगना' हा हिंदी कवितासंग्रह होता. ग्रेस कुजूर, महादेव टोप्पो, जसिंता केरकेट्टा ही नावं मी कितीतरी वर्षं वाचत आलेय. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं, की या कवींची नुसती नावं ओळीनं घेतली तरी त्यात एक रान उभं असतं. आणि आपण ती हजेरीपटावरची आडनावं असल्यासारखी वाचून पुढे जातो.

हे सगळे कुडुख, म्हणजे उराँव समाजाचे. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, बंगाल, आसामचे चहामळे इथपर्यंत पसरलेला समाज. त्यांची कुडुख भाषा द्रविड कुळातली, आपल्या गडचिरोलीतल्या गोंडीची आणि यवतमाळच्या कोलामीची लांबची बहीण. झारखंडात तिच्या शेजारी मुंडारी, खडिया, संताली; त्या वेगळ्याच कुळातल्या. मधल्या काळात इतकं सगळं बदललं, तरी डोळ्याला कुडुखमध्ये 'खन्न' आणि गोंडीत 'कन्' म्हणतात. मला हे विलक्षण वाटतं.

2025 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पार्वती तिर्कीला मिळाला. 1994 साली झारखंडातल्या गुमल्यात जन्मलेली ही मुलगी आता रांचीत हिंदी शिकवते. मला मनापासून आनंद झाला. पण पुरस्कार मिळाला तो हिंदीसाठी. अकादमी दरवर्षी 24 भाषांना पुरस्कार देते. घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22, शिवाय इंग्रजी आणि राजस्थानी. त्यात कुडुख नाही. उद्या तिनं कुडुखमध्येच अख्खा संग्रह लिहिला, तर या वार्षिक पुरस्कारात तो ठेवायला जागाच नाही. यादीबाहेरच्या भाषांसाठी 'भाषा सन्मान' आहे. कुडुखसाठी तो डॉ. निर्मल मिंज यांना 2016 चा मिळाला, तेव्हा ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. रांचीचं गोस्नर कॉलेज उभं करून तिथे आदिवासी भाषा शिकवायला लावणारा हा माणूस. सन्मान मिळाला हे चांगलंच झालं, पण तो आयुष्याच्या शेवटाकडे मिळतो. तिशीतल्या कवयित्रीला तिच्या भाषेत लिहीत राहण्याचं बळ त्यातून कसं मिळणार?

लोकसंख्या कमी म्हणून असं असेल, असं कुणी म्हणेल. तर 2011 च्या जनगणनेत कुडुख बोलणारे जवळपास 20 लाख आहेत. बोडो बोलणारे 15 लाखांच्या आत, आणि बोडो अनुसूचीत आहे. ती असायलाच हवी, लढून मिळवलीय त्यांनी. गोंडी बोलणारे तर जवळपास 30 लाख, आणि तीही बाहेरच. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. मीही वाटले. आपल्या भाषेला सरकारदरबारी नाव मिळालं की छातीत काय होतं हे आपल्याला पक्कं माहीत आहे. म्हणूनच या भाषांसाठी आपला आवाज निघायला हवा असं मला वाटतं.

"मग ते कुडुखमध्ये का लिहीत नाहीत?" हा प्रश्न मला संताप आणतो. शाळा हिंदीत, छापखाना हिंदीत, मासिकं हिंदीत, आणि वर उत्तरही त्यांनीच द्यायचं? शिवाय कुडुखमध्ये लिहिणारे आहेतच. 1940-41 मध्ये 'लील खोरआ खेखेल' नावानं अडीच हजारांहून जास्त उराँव गाणी नागरी लिपीत छापली गेली. धर्मदास लकड़ा त्या कामात होते. खेखेल म्हणजे धरती. पुढे पेशानं डॉक्टर असलेल्या नारायण उराँव यांनी कुडुखसाठी तोलोंग सिकी ही लिपी घडवली आणि 1999 मध्ये लोकांपुढे ठेवली. तोलोंग म्हणजे पुरुष कमरेला गुंडाळतात ते लांब वस्त्र. 2025 मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये आली. पेशंट तपासून उरलेल्या वेळात अख्ख्या भाषेसाठी अक्षरं आखत बसणारा माणूस डोळ्यांपुढे आणा.

आता दुसरी गोष्ट, आपल्या वाचण्याची. एका कार्यक्रमात सूत्रसंचालकांनी जसिंताच्या कवितेची ओळख 'वेदनेचा हुंकार' अशी करून दिली आणि माझ्या पोटात ढवळलं. वेदना आहेच. 'अंगोर' वाचताना खाणी, विस्थापन, पोलीस सगळं अंगावर येतं. पण याच बाईनं मुलांसाठी 'जिरहुल' लिहिलंय, झारखंडातल्या फुलांच्या कवितांचं. आणि त्याच पुस्तकाला 2024 मध्ये जाहीर झालेला पुरस्कार तिनं गाझातल्या मुलांच्या बाजूनं उभं राहत नाकारला. आदल्या वर्षी 'ईश्वर और बाज़ार'चा एका माध्यमसमूहाचा सन्मान मणिपूरमधल्या हिंसाचाराच्या कारणानं नाकारला होता. फुलाची कविता आणि नकार एकाच हातातून येतात. आपण हुंकार तेवढा उचलतो आणि फूल तिथेच ठेवून येतो.

ग्रेस कुजूर यांची 'एक और जनी शिकार' घ्या. जनी शिकार म्हणजे दर बारा वर्षांनी उराँव बायका पुरुषांचा वेष करून, शस्त्रं घेऊन शिकारीला निघतात तो सोहळा. बिहारमधल्या रोहतासगडावर हल्ला झाला तेव्हा उराँव राजकन्या सिनगी दाईच्या मागे बायका उभ्या राहून लढल्या, अशी त्यांची स्मृती आहे. हे माहीत नसेल तर कविता नुसती घोषणा वाटते. माहीत असेल तर ग्रेसबाई ओसाड होत चाललेल्या रानाच्या काठावर उभ्या राहून कुणाला हाक मारतायत ते कळतं.

म्हणून मराठीत अनुवाद करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, खद्दी, अखड़ा, धुमकुड़िया हे शब्द जसेच्या तसे राहू द्या. खद्दी म्हणजे सरहुलचा सण, अखड़ा म्हणजे गावाचं नाचायचं अंगण. धुमकुड़िया म्हणजे तरुण पोरापोरींचं शिकण्याचं, नाचण्याचं घर. गोंडांचं असंच घर, गोटुल, ठाऊक असलेल्या विदर्भातल्या वाचकाला ते समजावून सांगावं लागणार नाही. 'युवागृह' केलंत की त्यातला मांदरचा ढोल वाजायचा थांबतो.

डिस्चार्जच्या आदल्या रात्री सिस्टरला फोनवर तोलोंग सिकीची अक्षरं दाखवली. तिनं ती कधी पाहिली नव्हती. स्क्रीन मोठी करून करून पाहत होती. मग म्हणाली, भावाच्या मुली घरीसुद्धा हिंदीच बोलतात, त्यांना पाठवते. माझ्याच फोनवरून तिनं भावाला फोटो पाठवला, आणि दुसऱ्या बेडची घंटा वाजली तशी उठून गेली.

येत्या रविवारी आमच्या वाचनगटात 'फिर उगना' घेतोय. नागपुरातल्या कुणाला यायचं असेल तर मेसेज करा. पुस्तक नसेल तरी या, माझी प्रत आहे.