रांगला नाही म्हणून काय झालं?

घराघरांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘नवव्या महिन्यात रांगणारं, वर्षाच्या आत चालणारं बाळ हुशार निघतं. उशीर झाला तर अभ्यासात मागे. आत्ताच तपासून घ्या, भविष्य कळेल.’ खाली वॉकरची लिंक.

आधी ‘वर्षाच्या आत’. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतली निरोगी बाळं पाहून २००६ साली जे कालखंड दिले, त्यांत एकट्याने चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने आहे. शेजारच्या बंटीने अकराव्या महिन्यात पाऊल टाकलं, एवढ्यावरून आपल्या लेकरावर शिक्का मारायचं कारण नाही.

रांगण्याचं तर बोलूच नका. त्याच पाहणीत सुमारे ४ टक्के बाळं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. माझा भाचा त्याच जातीचा. एक पाय दुमडून, बुडावर सरकत थेट स्वयंपाकघरात हजर. चड्डी नेहमी एकाच बाजूने झिजलेली. मग एक दिवस पलंग धरून उभाच राहिला.

हुशारीचं म्हणाल, तर जिच्या नावाची बाळांच्या विकासाची चाचणी जगभर वापरतात त्या मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बेलींनाच १९३०च्या दशकात दिसलं होतं की तान्ह्यांचे गुण आणि त्याच मुलांची पुढची बुद्ध्यांक चाचणी यांचा फारसा मेळ बसत नाही.

मग तपासण्या निरुपयोगी? मुळीच नाही. वेळेआधी जन्मलेलं किंवा जन्मताना गुदमरलेलं बाळ तीन ते पाच महिन्यांचं असताना जागं, शांत, उताणं ठेवून काही मिनिटं व्हिडिओ काढतात. हात लावायचा नाही, खुळखुळा वाजवायचा नाही. मान, धड, हातपाय यांत सतत चाललेली बारीक, गोल हालचाल दिसते का, एवढंच जाणकार बघतात. ती नसेल तर सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर येणाऱ्या अपंगत्वाची) शंका बळावते आणि फिजिओथेरपी लवकर सुरू होते. चौथीतले गणिताचे मार्क त्यातून कळत नाहीत. (वेळेआधी जन्मलेल्याचं वय डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजा, जन्मतारखेपासून नाही. हे बरेच जण विसरतात.)

‘होईल हळूहळू’ म्हणणाऱ्या आज्याही इथे चुकतात. चार महिने होऊनही मान धरत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरतो, पाय ताठ राहतात, येत असलेलं विसरलं, दीड वर्ष झालं तरी चालत नाही: यांपैकी काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, लगेच.

राहिली लिंक. वॉकरने चालणं लवकर येत नाही, जिन्यावरून पडायची सोय मात्र होते. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.