रॅश, रेकलेस आणि इतर धडपडे

इंग्रजीत घाई करणं सोपं, घाई झाली हे लिहिणं महाकठीण. मेलमध्ये कळवायचं असतं एवढंच, की साहेबांचा निर्णय जरा घाईत झाला. थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडावा तर 'हेस्टी'च्या मागे रॅश, रेकलेस, प्रिसिपिटेट, इम्पेच्युअस, इम्पल्सिव्ह, हेडलाँग, फूलहार्डी अशी सगळी फौज उभी. थिसॉरस यांची ओळख सख्खी भावंडं म्हणून करून देतो. प्रत्यक्षात ही एका आडनावाची, पण एकमेकांचं तोंड न पाहणारी भाऊबंदकी आहे. चुकीचा भाऊ निवडला, की निर्णय घाईचा होता हे बाजूला राहतं आणि साहेब बेअक्कल आहेत असं लेखी जातं.

माझ्या मते शब्द उचलण्याआधी एकच चौकशी करावी: खापर कशावर फोडायचंय?

'हेस्टी'मध्ये खापर वेळेवर फुटतं. माणूस शहाणा असेल, पण त्याने द्यायला हवा होता तेवढा वेळ दिला नाही. म्हणून वरिष्ठांबद्दल लिहिताना हा सर्वांत सुरक्षित शब्द. 'रॅश'मध्ये खापर थेट डोक्यावर. वेळ हाताशी होता की नव्हता हा प्रश्नच नाही. पुढे काय होईल याचा विचार झाला नाही, हा आरोप. हेस्टी जेवण असतं, हेस्टी माघार असते. रॅश जेवण नसतं. रॅश असतात ती वचनं, पैजा आणि राजीनामे. (अंगावर उठतो तो रॅश बहुधा फ्रेंचमधून आलेला वेगळाच शब्द आहे. त्याचा अविचाराशी संबंध जोडू नये, निदान डॉक्टरांसमोर तरी.)

'रेकलेस' याहून वाईट. इथे धोका दिसत असतो, फिकीर नसते. आपल्या 'बेदरकार'च्या सर्वांत जवळचा. मराठीत गाडी सुसाट हाणणाऱ्याला आपण रॅश म्हणतो. इंग्रज तिथे बहुतेकदा रेकलेस म्हणेल. यातलं 'रेक' म्हणजे पर्वा करणं. हे क्रियापद जुन्या कवितांबाहेर जवळजवळ संपलं. म्हणजे इंग्रजीत पर्वा करणं बंद पडलं आणि न करणं तेवढं जोरात चालू राहिलं.

या शब्दाने भल्याभल्यांना दमवलंय. धोका लक्षातच आला नसेल, तर माणूस रेकलेस ठरतो का? हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या, न्यायाधीशांनी 1981 साली कॉल्डवेल खटल्यात सांगितलं, की चारचौघांना उघड दिसेल असा धोका असेल आणि तुम्ही त्याचा विचारही केला नसेल, तरी तुम्ही रेकलेस. पुढे 11 आणि 12 वर्षांच्या दोन पोरांनी एका दुकानामागे वर्तमानपत्रं पेटवली, आग पसरली आणि सुमारे 10 लाख पौंडांचं नुकसान झालं. आग इतकी पसरेल हे त्या पोरांच्या डोक्यातही आलं नव्हतं. 2003 साली लॉर्ड्सनी जुना अर्थ मोडीत काढला: धोक्याची जाणीव असावी लागते. एका विशेषणाला 22 वर्षं. लॉर्ड्सना हेस्टी म्हणायची कुणाची छाती होणार नाही. आपल्यापुरता मुद्दा असा, की तक्रारीच्या पत्रात 'रेकलेस' लिहिलंत तर समोरच्याला सगळं ठाऊक होतं असं म्हणताय. तेवढा पुरावा नसेल तर 'केअरलेस'वर भागवावं.

आता 'प्रिसिपिटेट'. लॅटिनमध्ये याचा अर्थ डोकं पुढे करून, म्हणजे उताणं नव्हे, पालथं पडणं. कड्याला म्हणतात तो 'प्रेसिपिस' याच घरातला. परीक्षानळीच्या तळाशी बसणारा साका आणि आभाळातून पडणारा पाऊसही तिथलेच. त्यामुळे प्रिसिपिटेट निर्णय नुसता लवकर होत नाही, तो कोसळतो. चार दिवस थांबता आलं असतं, आणि तडकाफडकी उरकलं, तिथे हा शब्द चपखल. याचा जुळा 'प्रिसिपिटस' म्हणजे खडा, उभा: उतार प्रिसिपिटस, भावांची घसरण प्रिसिपिटस, राजीनामा मात्र प्रिसिपिटेट. हल्ली लोक सर्रास अदलाबदल करतात आणि शब्दकोशही तिकडे काणाडोळा करतात, पण काटेकोर संपादक लाल पेन काढतोच. शिवाय उच्चाराची ग्यानबाची मेख आहे. शेवट 'टेट' केला तर क्रियापद, म्हणजे एखादं संकट ओढवून आणणं. विशेषण हवं असेल तर शेवट 'टिट'सारखा दबका. मीटिंगमध्ये इतकं भान ठेवण्यापेक्षा मी सरळ 'टू सून' म्हणायचा सल्ला देईन.

इम्पेच्युअस आणि इम्पल्सिव्ह यांची गल्लत तर ठरलेलीच. इम्पल्सिव्ह म्हणजे आतून धक्का आला आणि हात हलला. दुकानात रांगेत उभं असताना उगाच उचललेलं चॉकलेट ही इम्पल्सिव्ह खरेदी. इम्पेच्युअसच्या मुळाशी हल्ला आहे. त्यात ऊब लागते, आवेश लागतो. तरुणांना आणि प्रेमिकांना हा शब्द शोभतो, आणि म्हणणाऱ्याच्या मनात थोडं कौतुकही असतं. चॉकलेटवर कुणी इम्पेच्युअस चाल करून जात नाही.

फूलहार्डीला धाडस लागतं, मूर्खपणा तर लागतोच. टेमेरिटीही मुळात अविचारी धाडसच, पण आता मुख्यतः आगाऊपणासाठी उरली आहे. ती भित्रेपणाच्या 'टिमिडिटी'शी कानाला इतकी जवळ आहे, की घाईत उलटा अर्थ जातो.

खरी फजिती स्तुती करताना होते. शिफारसपत्रात 'कामं हेस्टने करतो' असं लिहिलंत तर उमेदवाराची नोकरी गेलीच. तिथे प्रॉम्प्ट चालतो, एक्स्पिडिशस चालतो. हसतमुखाने तत्पर असेल तर 'अलॅक्रिटी' झकास. पण एक्स्पिडिशस लिहिताना बोट घसरून 'एक्स्पीडिअंट' झालं, तर तत्पर माणूस मतलबी होतो. दोन्हींच्या मुळाशी पाय मोकळे करणं आहे. एक धावला, दुसऱ्याने आडवाट धरली. 'विथ डिस्पॅच' हेही छान, झटपट आणि नेटकं. फक्त त्याचं क्रियापद करून 'ग्राहकांना डिस्पॅच केलं' असं लिहू नये, कारण डिस्पॅच करणं म्हणजे ठार मारणंही होतं.

'हेस्ट' आणि 'हरी' (hurry) हेसुद्धा एक नव्हेत. हरीत धांदल आहे, तारांबळ आहे. हेस्टमध्ये निदान दिशा असू शकते. धर्मोपदेशक जॉन वेस्लीने 1777 मधल्या एका पत्रात म्हटलंय, की मी कायम हेस्टमध्ये असतो पण हरीमध्ये कधीच नसतो. 'मोअर हेस्ट, लेस स्पीड' ही म्हण अनेकांना कोडं वाटते, कारण घाई वाढली तर वेग कमी कसा होईल? 'स्पीड'चा जुना अर्थ यश, भरभराट. 'गॉडस्पीड' या शुभेच्छेत तो अजून जिवंत आहे. वेग नाही, फळ कमी होतं.

हे सगळं जमलं तरी शेवटची खिंड उरते: 'ताबडतोब' कसं लिहायचं? 'सून' एके काळी ताबडतोबच होता. 'अनॉन' तसाच, 'बाय अँड बाय' तसाच, 'प्रेझेंटली'ही तसाच. माणसं 'आलोच' म्हणून येत राहिली उशिरा, आणि शब्द बिचारे एकेक करून 'येईन सावकाश'वर आले. अमेरिकेच्या दक्षिणेकडे 'डिरेक्टली'चीही हीच गत झाली. 'इमिजिएटली' अजून शाबूत आहे, पण त्यात आरडाओरडा ऐकू येतो. त्यामुळे मेलमध्ये क्रियाविशेषण टाळून घड्याळातली वेळ लिहावी: पाच वाजेपर्यंत. मात्र समोरचा परदेशात असेल, तर कुठले पाच हेही त्याच ओळीत लिहावं.