जरा लांब टाका ना!

कालपासून डोक्यात एकच वाक्य घुमतंय, "अहो, जरा लांब टाका ना!" ज्या गृहस्थांचं हे वाक्य, त्यांनी जन्मात गळ हातात धरलेला नाही. हे त्यांनीच मला भेटल्या भेटल्या सांगितलं होतं, तेही अभिमानाने.

परवा ओहोटीला येऊन मी अख्खी पुळण पायाखाली घातली होती. पाणी उतरलं की समुद्राची लपवाछपवी उघडी पडते. वाळूचा बांध कुठे, त्याच्या अलीकडचा चर कुठे, बांध कुठे फुटलाय, सगळं दिसतं. भरतीत हेच लाटांवरून ओळखायचं. उथळ बांधावर लाट फुटून पांढरी होते, चरावर आली की फेस विरतो आणि पाणी गडद दिसतं. लाटांनी उकरलेलं खाद्य त्या चरात येतं आणि खाद्यामागे मासे. माझा चर काठापासून वीसेक पावलांवर होता. बारा फुटी रॉड असला तरी गळ तिथे नुसता अलगद सोडायचा.

"एवढा मोठा दांडा, आणि टाकताय एवढ्या जवळ?"

"इथे चर आहे, काका."

"मासे खोल समुद्रात असतात हो."

"काही असतात. काही जेवायला इथे येतात."

"दिसत तर नाहीत!"

यावर काय बोलणार? एव्हाना काकू आल्या, त्यांच्यामागून आणखी दोघं अनोळखी. काकांनी त्यांना माझी केस समजावून सांगितली, "भाऊंना भीती वाटते लांब टाकायची."

भीती! मी चिडून सगळा जोर लावला आणि गळ थेट बांधापलीकडे भिरकावला. घाईत गळाच्या वजनाचं शिसंही गोल लावलेलं. पिरॅमिडसारखं शिसं वाळूत रुतून बसतं, गोल असलं तर लाटेबरोबर घरंगळत सुटतं. पाच मिनिटांत तंगूस (गळाची दोरी हो!) तिरका होत काठाला आला आणि टोकाला शेवाळाचा हा एवढा गोळा.

"बघा, लांब टाकल्यावर काहीतरी आलं की नाही!"

प्रेक्षकांनी माना डोलावल्या.

कपडे वाळत घालणाऱ्याला कोणी "वाळले का?" म्हणून थांबून विचारतं का? गळ टाकणाऱ्याला मात्र प्रत्येक येणारा-जाणारा "लागलं का काही?" विचारणार आणि उत्तर द्यायच्या आत बादलीत वाकून बघणार. रिकामी बादली बघून त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरतं ना, ते मला खरंच सहन होत नाही. आठवडाभर माणसांत काढल्यावर दोन तास कोणाशी न बोलता उभं राहावं, एवढ्यासाठी मी जातो. मासा नाही मिळाला तरी चालतो. सल्ला नको असतो.

मी पुन्हा चरात गळ सोडला. काकांना ते बघवेना. "थांबा, तुम्हाला नेमकी जागाच दाखवतो," म्हणत त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि निघाले पाण्यात, सरळ माझ्या तंगुसाच्या रेषेत. "काका, तिकडे नको!" मी ओरडलो. त्यांनी पाठमोराच हात हलवला. आणखी दोन पावलं टाकली आणि काका कमरेपर्यंत गायब.

"अहो, इथे खड्डा आहे!"

"तोच चर, काका. अर्धा तास तेच सांगतोय."

"मग पाटी नको लावायला?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो चर मीच खणला होता. काका निथळत बाहेर आले आणि जमलेल्यांना बजावू लागले, "तिकडे जाऊ नका, भाऊंच्या समोरच खोल आहे." हे ज्ञान आता त्यांचं झालं होतं. एवढ्या धिंगाण्यानंतर त्या चरात मासा थांबणं शक्यच नव्हतं. मी दोरी गुंडाळायला घेतली.

"उद्या किती वाजता येणार?" काकांनी पँट पिळत विचारलं.

भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. काल ती साडेपाचला होती, म्हणजे आज सव्वासहाच्या पुढे, आणि दुपारी बाराच्या सुमारास पाणी पार उतरलेलं.

"बरोब्बर बाराला या," मी म्हणालो.

"येतो की! तोवर लांब टाकायची जरा प्रॅक्टिस करून ठेवा."