वणव्याचं यथोचित स्वागत कसं करावं

साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या डोंगराच्या अंगाला प्लॉट घेऊन बंगला बांधलात? अभिनंदन! फेब्रुवारी लागला की वणवा येणारच. पाहुणा दारातून परत जाता कामा नये.

व्ह्यू हवा ना? मग घर अगदी उताराच्या टोकावरच बांधा. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळपास दुप्पट होतो; तिलाही व्ह्यू आवडतो.

कंपाउंडातलं कुसळी गवत कापू नका. गेटावरच्या दगडी हत्तींवर खर्च झालाय, आता गड्याला मजुरी कुठून देणार?

पन्हळीत पाला साठू द्या.

‘आपलं आरसीसी आहे, पेटतंय कशाला’ हे वाक्य पाठ करा. ठिणग्या वाऱ्यावर लांबून येतात आणि ग्रीन नेटवर, कौलांच्या फटीत, गच्चीतल्या गाद्यांवर पडतात, हे कुणी सांगितलं तर हसा. कॅलिफोर्नियात वणव्याच्या पट्ट्यात घराभोवती शंभर फूट सफाई ठेवायचा कायदा आहे. तरी २०१८ मध्ये पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली. पण ती अमेरिका. आपलं शेजारचं कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे, आग बोर्ड वाचून मागे फिरते.

आणि गाडी बोळाच्या तोंडालाच लावा. परवा वरच्या अंगाला जाळ दिसला, बंब आला आणि अडकला. गाडीचे मालक पुण्यात. फोन लागला तर म्हणतात, “संध्याकाळी ड्रायव्हर पाठवतो.” संध्याकाळी! इकडे आम्ही निरगुडीच्या डहाळ्या घेऊन जाळ झोडपतोय, भुवया करपल्यात, एका पोराची चप्पल वितळून पायाला चिकटली. शेजारच्या गच्चीवर मात्र रील चाललेलं. वरून आवाज येतो, “काका, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.” फ्रेममध्ये! अरे, तुझ्या बापाच्या गॅसच्या टाकीपासून जाळ वीस पावलांवर होता. टाकी कुठे? सरपणाला टेकून!

‘जाळलं की गवत जोमानं येतं’ म्हणत काडी टाकणारे तर आहेतच. त्यांना शिव्या घालायला तुम्ही पुढे. स्वतःच्या भिंतीलगतचा पाला कोण काढणार, वनखातं?

लाज बाळगा जरा. साठ लाखांचं घर आणि एक विळा परवडत नाही? दिवाळी झाली की गवत कापा. भिंतीपासून पाच फुटांत पेटेल असं काही ठेवू नका. उन्हाळ्यात टाकीतलं सगळं पाणी लॉनवर ओतू नका. धूर दिसला की आधी वनखात्याचा १९२६ नंबर फिरवा, मग काय ते शूटिंग करा.

आणि ती गाडी काढा आधी. अजून तिथेच आहे.