फझी लॉजिक म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे नव्हे

फझी लॉजिक म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या पायऱ्याही मोजणारी तर्काची पद्धत. तिच्याबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: हे अंदाजे उत्तर देणारं लॉजिक आहे; ते संभाव्यतेचंच दुसरं नाव आहे; वॉशिंग मशीन खपवायला हा शब्द वापरला गेला; आणि एआय आल्यावर ते कालबाह्य झालं. तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकीचे तीन चुकीचे आहेत.

‘उत्तर अंदाजे येतं’ या दाव्याचं मूळ नावातच आहे. पण फझी असतात ते शब्द, म्हणजे ‘गरम’, ‘दमट’, ‘जास्त मळका’. हिशेब काटेकोर असतो. तो एकदा आकड्यांनी करून पाहा.

तापमान आणि आर्द्रता बघून पंख्याचा वेग ठरवायचा आहे. प्रत्येक शब्द किती लागू पडतो ते ० (अजिबात नाही) ते १ (पूर्ण) या मापात सांगायचं; शब्दाच्या अशा आलेखाला फझी संच म्हणतात. ‘उबदार’ हा त्रिकोण आहे: २२ अंशांना ०, २७ ला १, ३२ ला परत ०. ‘गरम’ २७ ला ० पासून चढत ३५ ला १ होतं. हवा ‘दमट’ ५० टक्क्यांना ०, ९० ला १. ‘कोरडी’ ४० ला १, ८० ला ०. आता तापमान २९ आणि आर्द्रता ७० मोजली. म्हणजे उबदार ०.६, गरम ०.२५, दमट ०.५, कोरडी ०.२५.

नियम चार. उबदार आणि कोरडी, तर वेग ४० टक्के. उबदार आणि दमट, तर ६०. गरम आणि कोरडी, तर ७०. गरम आणि दमट, तर १००. ‘आणि’साठी दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा. नियमांची वजनं येतात ०.२५, ०.५, ०.२५, ०.२५. प्रत्येक वेगाला त्याच्या वजनानं गुणून बेरीज केली की ८२.५, वजनांची बेरीज १.२५. भागाकार ६६. पंखा ६६ टक्क्यांवर. तेच आकडे हजार वेळा दिले तरी ६६च येणार. तापमान २९.१ झालं तर सुमारे ६६.३. याउलट ‘३० च्या वर पूर्ण, खाली निम्मा’ असा नियम लावला, तर सेन्सर ३० च्या आसपास जरा हलला की पंखा सारखा वर-खाली करत राहतो.

ही ताकागी-सुगेनो पद्धत, १९८५ ची, तिच्या सर्वांत साध्या रूपात. त्याआधीच्या ममदानी पद्धतीत निष्कर्षही आकडा नसून संच असतो. सगळ्या नियमांचे, आपापल्या वजनाच्या उंचीवर कापलेले आकार एकत्र करून त्यांचा गुरुत्वमध्य काढावा लागतो. इथे नवखे हमखास अडकतात. ‘पूर्ण वेग’ हा संच ८० पासून चढत १०० ला संपवला, तर तो एकटाच पूर्ण लागू झाला तरी गुरुत्वमध्य ९३.३ वर येतो. मोटर कधीच पूर्ण वेग घेत नाही आणि दोष वायरिंगमध्ये शोधला जातो. उपाय सोपा आहे: संच १०० च्या पलीकडे १२० पर्यंत समतोल वाढवा, किंवा संचाऐवजी थेट आकडा ठेवा.

आता संभाव्यता. पेटीतला आंबा आतून नासका निघण्याची शक्यता ०.५ असेल, तर कापल्यावर प्रश्न मिटतो: नासका किंवा चांगला. पण अर्धवट पिकलेला आंबा कापला तरी अर्धवट पिकलेलाच राहतो. पहिल्यात माहिती अपुरी आहे. दुसऱ्यात माहिती पूर्ण आहे, ‘पिकलेला’ या शब्दालाच काठ नाही. लोत्फी झादे यांनी १९६५ च्या फझी संचांवरच्या लेखात मांडली ती हीच दुसरी गोष्ट. संगणकशास्त्रज्ञ चार्ल्स एल्कन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की द्विमूल्य, म्हणजे फक्त खरं-खोटं मानणाऱ्या तर्कातली सगळी समानार्थी विधानं इथेही समान मूल्याची धरली, तर फझी लॉजिक दोनच मूल्यांवर कोसळतं. सिद्धता बरोबर आहे, पण तिचं गृहीतक फझी लॉजिक मान्यच करत नाही. ‘एक तर पिकलेला, नाही तर न पिकलेला’ हे विधान इथे नेहमी पूर्ण सत्य नसतं, आणि ते मुद्दामच.

वॉशिंग मशीनचं म्हणाल तर १९९० च्या सुमारास जपानमध्ये हा शब्द जाहिरातीचा झाला आणि नंतर आपल्याकडच्या मशीनांवरही झळकला, हे खरं. पण त्याआधीचं काम बघा. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात ममदानी आणि असिलियन यांनी सत्तरच्या दशकात छोटं वाफेचं इंजिन जर-तर नियमांवर चालवलं. डेन्मार्कच्या एफ. एल. स्मिथ कंपनीनं सिमेंटची भट्टी याच पद्धतीनं चालवली. भट्टीचं भरवशाचं समीकरण हाताशी नव्हतं, पण अनुभवी ऑपरेटर काय बघून काय करतो ते शब्दांत सांगता येत होतं. १९८७ मध्ये जपानमधल्या सेंदाईचा भुयारी रेल्वेमार्ग सुरू झाला तो हिताचीच्या फझी नियंत्रणावर. तिथे ब्रेकची प्रत्येक पायरी आधी ‘अशी दिली तर गाडी नेमकी थांबेल का, प्रवाशांना धक्का बसेल का’ या कसोटीवर पारखली जायची.

एआयनं हे मोडीत काढलं नाही. वरचे चार नियम अगदी लहान मायक्रोकंट्रोलरवर (यंत्रातल्या नियंत्रक चिपवर) चालतात आणि चुकलं तर कोणता नियम चुकला ते वाचून कळतं. विदेवरून संचांचे काठ शिकवायचे असतील तर १९९३ पासून एएनएफआयएस ही न्यूरल नेटवर्कशी जोडलेली पद्धत आहेच.

खऱ्या उणिवा त्या मजकुरात नाहीतच. पाच इनपुट, प्रत्येकी पाच संच, म्हणजे ३१२५ नियम. ते कोणी नीट लिहू शकत नाही. दोन संचांमध्ये फट राहिली तर एकही नियम लागू होत नाही, वजनांची बेरीज ० येते आणि भागाकारच मोडतो. म्हणून शेजारचे संच एकमेकांवर चढलेले हवेत, आणि कोडमध्ये बेरीज ० असेल तर आधीचं उत्तर कायम ठेवायचं. ‘चूक’ (हवा असलेला आणि मोजलेला आकडा यांतला फरक) आणि त्या चुकीतला बदल एवढ्याच दोन इनपुटांवर हीटरचा नियंत्रक बांधला, तर तापमान ठरलेल्या अंकाच्या जरा खालीच अडकून राहतं. तिथे आउटपुट थेट न देता आधीच्या आउटपुटमध्ये किती वाढ-घट करायची ते नियमांकडून घ्यावं. आणि साध्या, एकरेषीय टाकीची पातळी राखायची असेल तर पीआयडी, म्हणजे याच चुकीवर साध्या सूत्रानं चालणारा नेहमीचा नियंत्रकच लावा. समान अंतरावरचे त्रिकोण आणि सरळ चढते नियम यांतून बहुतेक तेच उत्तर जास्त खटाटोपानं मिळतं.