आयत्या वेळचा खलनायक

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत शेवटची ओळ ठरलेली असते : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. हिशेब मंजूर झालेले असतात, पाण्याच्या टाकीवरून व्हायचे ते भांडण होऊन गेलेले असते, सामोशांचा वास जिन्यापर्यंत आलेला असतो आणि नेमक्या त्या क्षणी मागच्या रांगेतले एक सदस्य उभे राहून म्हणतात, ‘मला गळतीबद्दल बोलायचे आहे.’ या गृहस्थांविषयी माझ्या मनात जी भावना दाटून येते, तिचा विराट प्रत्यय मला गेल्या वर्षी एका जपानी ॲनिमे मालिकेने दिला.

‘नारुतो’ या, त्याच नावाच्या निंजा मुलाच्या मालिकेच्या नादी मला भाचीने लावले. पहिल्या मालिकेचे २२० भाग आणि पुढच्या ‘शिप्पुदेन’चे ५००, म्हणजे रोज रात्री जेवणानंतर दोन भाग धरले तरी पुरे वर्ष. ही बेरीज तिने आधी सांगितली नाही. विम्याचे एजंटही पहिल्या भेटीत हप्त्यांची बेरीज सांगत नाहीत.

हिशेबनिसाच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मी कोणाचा द्वेष करायचा तर तो रीतसर खाते उघडून करतो. या मालिकेत एक मुखवटेधारी माणूस आपण मदारा उचिहा असल्याचे सांगत हिंडत होता, म्हणून मी त्याच्या नावे खाते उघडले आणि कित्येक महिने त्यात इमानदारीने भरणा केला. पुढे मुखवटा फुटला, आत ओबितो नावाचा दुसराच माणूस निघाला आणि मला सगळी शिल्लक खऱ्या मदाराच्या खात्यावर वर्ग करावी लागली. तेही मी तक्रार न करता केले, कारण खरा मदारा त्या लायकीचा होता. मेलेला माणूस उठून एकटा अख्ख्या फौजेवर चालून जातो, आणि तोच लहानपणी नदीकाठी मित्राबरोबर पाण्यावर दगडांच्या भाकऱ्या उडवत होता हेही आपल्याला दाखवलेले असते. असा खलनायक मिळायला भाग्य लागते.

या मदाराने अखेर चंद्राच्या साक्षीने साऱ्या जगाला मायास्वप्नात झोपवले. प्रेक्षकही जगात मोडत असल्यामुळे त्यानंतरचे वीसहून अधिक भाग स्वप्नांत आणि उपकथांत गेले व आमचाही डोळा लागत राहिला. साडेचारशेचा टप्पा ओलांडल्यावर एका रविवारी संध्याकाळी मूळ कथा पुन्हा सुरू झाली. गव्हाचा डबा दाराशी येऊन बसला होता. ‘अहो, गिरणी आठला बंद होते,’ असे आतून दोनदा ऐकू आले होते आणि मी दोन्ही वेळा, ‘आता मदारा संपतोच आहे,’ असे उत्तर दिले होते.

मदारा संपला, हे खरे. मात्र त्याला नारुतोने संपवले नाही की त्याचा मित्र सासुके यानेही नाही. विजयाच्या ऐन क्षणी एक काळा हात पाठीतून शिरून छातीतून बाहेर आला, आणि मदाराच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले तेच, चहाचा कप अर्ध्यावर धरलेल्या माझ्याही चेहऱ्यावर होते. हात झेत्सुचा होता. हा झेत्सु अर्धा काळा, अर्धा पांढरा, जमिनीतून उगवून चोरून ऐकणारा वनस्पतीसारखा प्राणी. मी त्याला इतके दिवस निरोप्याच समजत होतो. आता तो म्हणाला की मी तुझा नव्हेच. मी कागुया नावाच्या प्राचीन देवीची इच्छाशक्ती, आणि हे सारे तिच्या पुनरागमनासाठी मीच घडवून आणले. उचिहा कुळाच्या ज्या शिलालेखावर विसंबून मदाराने आयुष्यभराचा बेत रचला, त्या लेखातही यानेच आधी खाडाखोड करून ठेवली होती. म्हणजे सातबाऱ्यावर खोटा फेरफार, आणि त्याच्या भरवशावर बिचाऱ्याने इमारत उठवलेली! मला आयुष्यात पहिल्यांदा मदाराची दया आली आणि माझी सगळी शिल्लक बुडीत खाती गेली.

पडद्यावर कागुया अवतरली. जपानमधल्या एका जुन्या कथेत बांबूत सापडलेली आणि अखेर चंद्रावर परत जाणारी राजकन्या आहे, तिच्यावरून हिचे नाव. ‘मामा, आता हिचा राग यायला हवा तुला,’ असे भाचीने बजावले, पण मला एवढाच प्रश्न पडला की जमिनीवर लोळणारे हे केस ही विंचरते कधी. तिने लाव्हा, बर्फ, वाळवंट अशी जगामागून जगे बदलली. नारुतोने देखण्या तरुणांच्या घोळक्याचे रूप घेताच ती क्षणभर भुलली आणि तिने ठोसा खाल्ला. मदाराला असे कोणी फसवू शकले असते का?

जपानी भाषेत अशा पडद्याआडच्या माणसाला ‘कुरोमाकु’, म्हणजे काळा पडदा, म्हणतात. शब्द काबुकीच्या रंगमंचावरून आला आहे. आपला सूत्रधार नांदी झाली की समोर येतो, नटीशी दोन गोष्टी बोलतो आणि मग नाटक सुरू होते. तिकडचा सूत्रधार शेवटच्या अंकात येऊन स्वतःचे नाव सांगतो. ‘नारुतो’ची मूळ साप्ताहिक चित्रकथा १९९९ पासून २०१४ पर्यंत चालली, हे ध्यानात घेतले तर लेखकाला मी निम्मी माफी देतो. दर आठवड्याला खलनायकाची ताकद थोडी थोडी वाढवत नेली की एक दिवस त्याला हरवण्याजोगे कोणी उरत नाही, आणि मग त्याला त्याच्याच गोटातून मारवावे लागते.

पण २०१८ च्या ‘डार्लिंग इन द फ्रँक्स’चे भाग मुळात २४, तिथे ही सबब कशी चालावी? एकोणीस भाग मुले राक्षसी क्लॅक्सोसॉरांशी लढतात आणि विसाव्या भागात कळते की मुखवटे घालून हुकूम सोडणारे ‘पापा’ हेच परग्रहावरचे. उरलेल्या चार भागांत युद्ध अंतराळात! याउलट २००७ च्या ‘गुरेन लागान’मध्ये पंधराव्या भागात मरता मरता पहिला खलनायक चंद्राकडून येणाऱ्या संकटाची ताकीद देऊन जातो. अजून बारा भाग हाती असतात. माणूस मनाची तयारी करतो. नोटीस वेळेत मिळाली की माझी कशालाच हरकत नसते.

गिरणी अर्थातच बंद झाली आणि दोन दिवस आम्ही भातावर काढले. पंधराएक भागांत कागुयाचा बंदोबस्त झाला. मी पाय पसरले. तेवढ्यात सासुके शांतपणे म्हणाला की आता निंजांच्या पाचही गावांच्या प्रमुखांना मारून मी क्रांती करणार. भाचीने माझ्याकडे न बघता आवाज वाढवला. नारुतो आणि सासुके हे दोघे मित्र मग एकेक हात गमावेपर्यंत लढले.

शेवटचे सात भाग नारुतो आणि हिनाताच्या लग्नाचे आहेत. त्यांत आहेर काय द्यावा याची चर्चा आहे, आमंत्रणे आहेत, कोणी कोणाला मारत नाही. भाचीचे डोळे पाणावले. मी मात्र चश्मा पुसून एकेका वऱ्हाड्याचे दोन्ही हात तपासत होतो, आणि नारुतोच्या वडिलांच्या जागी उभे राहायला निघालेल्या, सालस म्हणून ख्यात असलेल्या इरुका गुरुजींकडे अक्षता पडेपर्यंत टक लावून बसलो होतो.